कानपूरच्या भंगारातून जगाच्या संग्रहालयांत: लिबरेटर बॉम्बरची भारतातली वीस वर्षे

ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात केएन ७५१ या क्रमांकाचे एक बी-२४ लिबरेटर जपून ठेवलेले आहे. चार इंजिनांचे हे बॉम्बफेकी विमान अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फोर्ड कंपनीच्या विलो रन कारखान्यात तयार झाले. १९४५ मध्ये ते ब्रिटिश हवाई दलाकडे आले आणि हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर तळ असलेल्या ९९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. तोवर युद्ध संपतच आले होते, त्यामुळे त्याची ब्रिटिश सेवा अल्पकाळच टिकली. त्यानंतर भारतात त्याला एचई ८०७ हा नवा क्रमांक मिळाला. १९७४ मध्ये भारताने ते ब्रिटनला भेट दिले आणि ते स्वतःच्या इंजिनांवर उडत तिथे पोचले. या दोन टोकांच्या मधल्या वर्षांविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

लिबरेटर युद्धकाळात अठरा हजारांहून अधिक बांधली गेली. इतक्या संख्येने दुसरे कोणतेही अवजड बॉम्बर बांधले गेले नाही. ऐन भरात असताना एकट्या विलो रनमधून तासाला एक विमान बाहेर पडत होते. आज त्यांतली जेमतेम डझनभर शिल्लक आहेत आणि त्यांतली किमान सहा भारतीय हवाई दलाच्या सेवेतून आलेली आहेत. दिल्लीत पालमला एक, ब्रिटनमध्ये हे एक, कॅनडात ओटावाला एक आणि अमेरिकेत तीन. अठरा हजारांतून जे वाचले त्यातला इतका मोठा वाटा एकाच देशामुळे वाचावा, हा योगायोग नाही. त्यामागे कानपूर आणि बेंगळुरू इथे झालेले काम आहे.

ब्रिटिशांना ही विमाने अमेरिकेकडून लेंड-लीज, म्हणजे युद्धसाहित्य उसने देण्याच्या कराराखाली मिळाली होती. युद्ध संपल्यावर ती परत करायची किंवा पुन्हा वापरता येणार नाहीत अशी निकामी करायची, अशी अट होती. ब्रह्मदेश, सयाम आणि मलाया इथल्या लांब पल्ल्याच्या मोहिमांवर गेलेली लिबरेटर मोठ्या संख्येने कानपूरच्या चकेरी तळावर आणून उभी करण्यात आली आणि तिथेच ती मोडण्यात आली. कुठे इंजिनांत वाळू ओतली, कुठे वैमानिकापुढची उपकरणे फोडली, तर कुठे अवजड वाहनाची धडक देऊन धडाचा पत्रा चेपला. पुढे दोन-तीन पावसाळे आणि उन्हाळे त्यांनी उघड्यावर काढले.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि लगेच काश्मीरचे युद्ध सुरू झाले. हवाई दलाकडे अवजड बॉम्बर एकही नव्हते. त्या युद्धात डाकोटा या मालवाहू विमानाच्या दारातून हाताने बॉम्ब ढकलण्याची वेळ आली, यावरून नड किती होती ते कळेल. अशा वेळी कानपूरच्या त्या ढिगाकडे लक्ष गेले आणि त्यातून काही उभे करता येईल का, हा प्रश्न बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान कारखान्यापुढे ठेवण्यात आला.

इथे मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागा आहे. हा कारखाना सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर १९४० मध्ये काढला. सरकारने १९४२ मध्ये तो ताब्यात घेतला आणि पुढे युद्ध संपेपर्यंत तिथे अमेरिकी हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती होत राहिली. आपल्याकडे पहिले विमान संपूर्णपणे बनवायला अजून काही वर्षे जायची होती, पण मोडके विमान उघडून, तपासून, पत्रा बदलून पुन्हा उडते करायचे कसे, हे तिथल्या फिटरांना आणि पत्रेकाम करणाऱ्यांना युद्धाच्या त्या तीन वर्षांत पुरते अंगवळणी पडले होते. वालचंदांना विमाने बनवायची होती आणि प्रत्यक्षात दुरुस्तीच करावी लागली, याची हळहळ अनेक लेखांत आढळते. माझ्या मते तीच दुरुस्ती १९४८ मध्ये देशाच्या कामी आली.

यल्लप्पा यांच्या देखरेखीखाली कारखान्याचे पथक कानपूरला गेले. त्यांनी विमाने एकेक करून पाहिली, एकाचे इंजिन दुसऱ्याला आणि दुसऱ्याची शेपटी तिसऱ्याला लावली आणि विमान एकदा हवेत जाऊन बेंगळुरूपर्यंत पोचेल एवढीच डागडुजी जागेवर केली. खरी दुरुस्ती बेंगळुरूच्या हँगरमध्ये व्हायची होती. कानपूर ते बेंगळुरू हे अंतर सुमारे १५०० किलोमीटर आहे. इतक्या लांबवर ही अर्धवट सांधलेली विमाने उडवत नेण्याची कामगिरी कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी पार पाडली. त्यांनी त्याआधी लिबरेटर कधी उडवले नव्हते. विमानाची माहितीपुस्तिका वाचून त्यांनी ते समजून घेतले. एक विमान पोचवायचे, परत यायचे आणि पुढचे न्यायचे, असे त्यांनी पुन्हा पुन्हा केले. अशी चाळीसच्या आसपास विमाने उभी राहिली. मला या संपूर्ण इतिहासातली ही सर्वांत धैर्याची गोष्ट वाटते, आणि मुन्शी यांचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असायला हवे होते, असे मी मनापासून म्हणतो.

२ नोव्हेंबर १९४८ रोजी कानपूरलाच ५ क्रमांकाची स्क्वाड्रन लिबरेटरसह उभी राहिली. पुढे लिबरेटरांचे मुख्य घर पुण्याचे लोहगाव झाले. १९५१ मध्ये ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनलाही लिबरेटर मिळाली. ५ क्रमांकाची स्क्वाड्रन १९५७ मध्ये कॅनबेरा या जेट बॉम्बरकडे वळली, पण सहाव्या स्क्वाड्रनने समुद्रावरच्या टेहळणीसाठी लिबरेटर ठेवली. तासन्‌तास पाण्यावरून उडत राहणे आणि जहाजांवर नजर ठेवणे हे काम वेगवान जेट विमानाचे नव्हेच. पुढे एअर इंडियाकडून आलेली सुपर कॉन्स्टेलेशन विमानेही याच स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली. १९६८ मध्ये लिबरेटर निवृत्त झाली. अमेरिकेने १९४५ नंतर ज्यांना भराभर भट्टीत घातले, त्याच प्रकारची विमाने १९६८ पर्यंत पुण्याच्या आकाशात होती.

पालमच्या संग्रहालयातले एचई ९२४ क्रमांकाचे लिबरेटर मी पाहिले आहे. पोटाखाली वाकून पाहिले की बॉम्बकक्षाची दारे दिसतात. ती इतर बॉम्बरांसारखी खाली उघडत नाहीत. दुकानाचे शटर वर जाते तशी आडव्या पट्ट्यांची ही दारे धडाच्या बाहेरच्या अंगाने वर सरकतात. आतमध्ये मधोमध वीतभर रुंदीची एक पट्टी पुढून मागे जाते आणि विमानाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जायचे तर दोन्ही हातांनी आधार घेत त्या पट्टीवरूनच जावे लागे. खाली दार आणि दाराखाली समुद्र. मी तिथे बराच वेळ उभा होतो, आणि पाऊसकाळात लोहगावहून अरबी समुद्राकडे गेलेल्या या विमानात त्या पट्टीवरून चाललेल्या माणसांचाच विचार मनात होता.

आता ज्या कारणासाठी हे सारे लिहिले ते सांगतो. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयात असलेले लिबरेटर १९६९ मध्ये भारतातून उडत तिथे गेले. आज त्याच्यावर इंग्लंडमधल्या बंगे इथून जर्मनीवर हल्ले करणाऱ्या अमेरिकी तुकडीचे रंग आहेत. हे विमान त्या तुकडीत कधीच नव्हते; ते ब्रिटिश हवाई दलात आणि मग आपल्याकडे होते. कॉलिंग्ज फाउंडेशन या जुनी विमाने जपणाऱ्या अमेरिकी संस्थेचे विमान १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डग अर्नोल्ड या ब्रिटिश संग्राहकाने भारतातून सुटे करून मालवाहू विमानाने इंग्लंडला नेले. १९८४ मध्ये ते अमेरिकेत गेले, मोठ्या खटपटीने पुन्हा जोडले गेले आणि १९८९ मध्ये उडाले. तेव्हापासून त्याची तीन नावे आणि तीन रंगसंगती झाल्या आणि तिन्ही वेळा युद्धात लढलेल्या दुसऱ्याच लिबरेटरांच्या. भारतात काढलेली वीस वर्षे, म्हणजे विमानाच्या सेवेचा सर्वांत मोठा भाग, पत्र्यावर कुठेही दिसत नाही. एखाद्या संग्रहालयाने यातले एक तरी विमान भारतीय हवाई दलाचे तिरंगी चक्र आणि एचई क्रमांकासह रंगवावे, असे मला वाटते. जाणकारांनी यावर लिहावे.

प्रतिसाद १

लेख आवडला, विशेषतः हिंदुस्थान एअरक्राफ्टविषयीचा भाग. एक भर घालतो. दुरुस्ती यशस्वी होण्यामागे इंजिनाचा मोठा हात होता. लिबरेटरचे इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचे आर-१८३० ट्विन वास्प, म्हणजे चौदा सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे, सुमारे बाराशे अश्वशक्तीचे. याच कुटुंबातले इंजिन डाकोटालाही होते आणि डाकोटा विमाने आपल्याकडे हवाई दलात आणि नागरी कंपन्यांत भरपूर होती. लिबरेटरच्या इंजिनाला टर्बो-सुपरचार्जरची, म्हणजे उंचीवर इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या यंत्राची, वेगळी जोड असल्यामुळे ते डाकोटासारखे तंतोतंत नव्हते, पण सिलिंडर, पिस्टन, मॅग्नेटो यांची सवय असलेला मेकॅनिक मिळणे अवघड नव्हते. तेच जर या विमानाला दुसरेच, आपल्याकडे न वापरले जाणारे इंजिन असते, तर कानपूरचा ढीग ढीगच राहिला असता, असे मला वाटते. शौर्याच्या कथेत ही साधी गोष्ट मागे पडते, म्हणून नोंदवली.

प्रतिसाद २

आमचे आजोबा लोहगावला हवाई दलात मेकॅनिक होते आणि लिबरेटरवर त्यांनी काही वर्षे काम केले. आम्ही लहान असताना ते ज्या गोष्टी सांगत त्यातल्या दोन ठळक आठवतात. पहिली अशी, की सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पंख्याची पाती हाताने ढकलून काही वेळा फिरवावी लागत. गोलाकार इंजिनात खालच्या बाजूच्या सिलिंडरांत रात्रभर तेल उतरते. ते तसेच ठेवून एकदम सुरू केले तर आतला दांडा वाकू शकतो. दोन-तीन जण एका पात्यामागून दुसरे पाते ढकलत जात, आणि चार इंजिने म्हणजे हे चार वेळा. थंडीत तेल घट्ट झाले की पाते हलायलाच तयार नसे, असे ते सांगत आणि सांगताना स्वतःचा खांदा चोळून दाखवत.

दुसरी गोष्ट पेट्रोलच्या वासाची. पंखांतल्या टाक्यांतून थोडी गळती व्हायची आणि वाफ धडात साचायची, म्हणून उड्डाणात पोटाची दारे जराशी उघडी ठेवत. ते घरी आले की आजी त्यांचे कपडे अंगणातच वेगळे ठेवायला लावत असे. धागाकर्त्याने शटरसारख्या दारांचे वर्णन केले ते वाचताना मला हेच आठवले. आजोबांनी या विमानाला कधी जुने म्हटले नाही. ते त्याला थोरले विमान म्हणत.

प्रतिसाद ३

मी धागाकर्त्याशी पूर्ण सहमत नाही, आणि ते मांडणे आवश्यक वाटते. संग्रहालय कशासाठी असते, हा इथे खरा प्रश्न आहे. इंग्लंडमधून उडालेल्या लिबरेटरांत हजारो तरुण मरण पावले आणि त्या तुकड्यांची मूळ विमाने जवळपास शिल्लकच नाहीत, कारण ती युद्धानंतर वितळवली गेली. त्यांचे वृद्ध सैनिक आणि नातेवाईक ॲरिझोनात येतात तेव्हा त्यांना आपल्या माणसाचे विमान पाहायचे असते. उपलब्ध असलेले एकच विमान त्या सर्वांच्या स्मृतीसाठी वापरले गेले, तर त्यात मला गैर दिसत नाही. शिवाय ब्रिटनचे केएन ७५१ ब्रिटिश रंगांत आहे ते बरोबरच आहे, कारण ते खरोखर ब्रिटिश हवाई दलात होते. तिथे आक्षेपाला जागा नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

प्रतिसाद ३ चा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. केएन ७५१ बाबत तुमचे म्हणणे मान्य आहे आणि मूळ लेखात मी त्याच्या रंगाविरुद्ध काही लिहिलेलेही नाही. पिमाच्या विमानाबाबत मात्र माझा आग्रह कायम आहे, फक्त तो थोडा दुरुस्त करतो. मृतांच्या स्मृतीसाठी रंग दिला यात दोष नाही. पण ज्या विमानाला ही स्मृती पेलता आली ते विमान आज उभे आहे याचे कारण कानपूरच्या मातीत गुडघे टेकून रिव्हेट मोजणारी माणसे आहेत, हेही त्याच पत्र्यावर किंवा निदान त्याच्यापुढच्या फलकावर ठळकपणे वाचता आले पाहिजे. नाव घेण्याजोगी दोन माणसे मी वर लिहिली आहेत. बाकीच्यांची नावे छापील लिखाणात सहसा येत नाहीत, म्हणून त्यांच्या कामाचा उल्लेख अधिकच हवा.

प्रतिसाद २ मधील आजोबांच्या आठवणींबद्दल मनापासून आभार. पाती ढकलण्याची गोष्ट मी वाचली होती, पण खांदा चोळून दाखवण्याची गोष्ट कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

प्रतिसाद ४

कॅनडातल्या विमानाचा उल्लेख लेखात एका शब्दात आटोपला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी ओटावाजवळच राहतो आणि तिथल्या विमान संग्रहालयात मुलांना घेऊन अनेकदा जातो. ते लिबरेटर कॅनडाला अदलाबदलीत मिळाले. कॅनडाने भारताला वेस्टलँड लायसँडर हे छोटे एक इंजिनाचे विमान दिले आणि त्या बदल्यात १९६८ मध्ये कॅनेडियन हवाई दलाच्या वैमानिकांनी लिबरेटर भारतातून उडवत नेले. एक इंजिनाच्या विमानाच्या बदल्यात चार इंजिनांचे विमान, हा व्यवहार ऐकताना विषम वाटतो, पण भारताच्या दृष्टीने तो योग्यच होता. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने १९४२ मध्ये करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ब्रह्मदेशात लायसँडरवरूनच जपान्यांशी झुंज दिली होती, आणि आपल्याकडे त्या प्रकारचे एकही विमान उरले नव्हते. आज ते लायसँडर पालमच्या संग्रहालयात आहे. म्हणजे आपण एक लिबरेटर देऊन स्वतःच्या पहिल्या युद्धाची खूण परत आणली.

कॅनडाच्या हवाई दलानेही युद्धकाळात अटलांटिकवर जर्मन पाणबुड्यांच्या शोधासाठी लिबरेटर वापरली होती, त्यामुळे त्यांनाही ते विमान हवेच होते. मुलांना मी सांगतो की हे विमान पुण्याहून आजीच्या घरावरून उडत असे. आईचे माहेर विश्रांतवाडीला असल्यामुळे हे शब्दशः खरे असण्याची शक्यता बरीच आहे.

प्रतिसाद ५

लोहगावच्या धावपट्टीविषयी विचारतो. त्या काळी लिबरेटरला ती पुरत असे का? आणि या विमानाला पुढचे चाक होते, मागे शेपटीखाली नव्हते, तर त्याचा उतरताना फायदा होत असे का?

धागाकर्त्याचे उत्तर

लोहगावचा तळ १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारला गेला आणि युद्धकाळात तिथे बॉम्बर विमानेही राहिली, त्यामुळे अवजड विमाने त्या तळाला नवी नव्हती. धावपट्टीची त्या काळची लांबी अंदाजाने सांगण्यापेक्षा चाकांबद्दल लिहितो.

पुढच्या चाकाचा फायदा निश्चितच होता. लँकेस्टर किंवा बी-१७ ही त्या काळची दुसरी अवजड बॉम्बर जमिनीवर शेपूट टेकून उभी राहत, त्यामुळे धावताना वैमानिकाला नाकाच्या पलीकडचे नीट दिसत नसे. लिबरेटर आडवे उभे राहते आणि समोरची धावपट्टी दिसते. पण त्याचे पुढचे चाक सुकाणूने वळवता येत नव्हते. ते मोकळे फिरे. जमिनीवर वळायचे तर एका बाजूच्या चाकाला ब्रेक लावायचा किंवा एका बाजूच्या इंजिनांची गती वाढवायची. वैमानिकासाठी हे दमवणारे काम होते, आणि पुस्तिका वाचून पहिल्यांदाच त्या आसनावर बसलेल्या मुन्शींनी कानपूरच्या धावपट्टीपर्यंत जाताना हेच आधी शिकले असणार.

प्रतिसाद २ मधील सदस्यांना एक विनंती आहे. आजोबांचे त्या काळातले एखादे छायाचित्र घरात असेल आणि त्यात विमानाच्या शेपटीवरचा किंवा धडावरचा एचईने सुरू होणारा क्रमांक दिसत असेल, तर तो इथे जरूर लिहावा. सहा वाचलेल्या विमानांपैकी एखादे त्यांच्या हातून गेले असेल, तर क्रमांकावरून ते लगेच ओळखता येईल.

प्रतिसाद २ च्या सदस्याचे उत्तर

आईकडे एक अल्बम आहे. त्यात पंख्याजवळ उभ्या असलेल्या पाच जणांचा एक फोटो मला नक्की आठवतो. आजोबा डावीकडून दुसरे आहेत आणि मागे इंजिनाचे बाजूने फुगलेले लंबगोल आवरण दिसते. क्रमांक त्यात आला आहे की नाही ते रविवारी वाकडला गेलो की पाहतो आणि इथे लिहितो.